स्पॅनिशचं पहिलं पुस्तक घेताना: शिकणाऱ्यांची मतं कशी वाचायची

आमच्या गावात पार्सल येत नाही. पिनकोड टाकला की 'या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही' असं दिसतं. म्हणून माझं पहिलं स्पॅनिशचं पुस्तक मी मोर्शीला, मामाच्या दुकानाच्या पत्त्यावर मागवलं. एसटीनं जाऊन आणलं आणि अंगणात खाटेवर बसून उघडलं. आत नुसत्या रिकाम्या जागा. ते पाठ्यपुस्तक नव्हतंच, त्याच्या जोडीची सराववही होती. स्पॅनिशमध्ये तिला 'क्वादेर्नो दे एखेर्सिसिओस' म्हणतात, आणि तसं मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलेलंही होतं. पण ते वाचता आलं असतं तर मी पुस्तक कशाला मागवलं असतं!

वाईट याचं वाटलं की मी आंधळेपणानं घेतलं नव्हतं. दोन संध्याकाळी गच्चीवर, जिथं रेंज येते तिथं बसून, शिकणाऱ्यांची शेकडो मतं वाचली होती. साडेचार तारे होते. ती मतं खोटी नव्हती. फक्त ती माझ्यासारख्या माणसाची नव्हती, आणि अर्धी तर त्या पुस्तकाचीही नव्हती.

त्यानंतर दुसरं पुस्तक नीट पारखून घेतलं आणि ते शेवटपर्यंत संपवलं. शेजारचे काकाजी अजून विचारतात, "काहून वं पोरी, स्पेनले पळून राहिली का?" (या वाक्याकडे लक्ष ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) मी नेमकं काय केलं ते क्रमानं सांगते.

आधी हे जवळ ठेवा

- एक वही. तीच पुढे शब्दवहीही होईल.
- मोबाइल, हेडफोन आणि ऑडिओसाठी फोनमध्ये एक-दोन जीबी मोकळी जागा.
- वेग कमी करता येईल असं ऑडिओ प्लेअर ॲप.
- पार्सल जिथं पोहोचतं असा तालुक्याचा पत्ता, आणि पार्सल आलं की फोन करेल असा माणूस.
- इंग्रजी बेताचं असेल तर इंग्रजी-मराठी शब्दकोश. लाज वाटू देऊ नका, मीही वापरला.
- परीक्षा द्यायची असेल तर फोटो असलेलं ओळखपत्र. त्यावर नाव जसं आहे तसंच अर्जात लिहायचं. आपल्याकडे आधारवर एक नाव आणि मार्कशीटवर दुसरं असतं, ते आधी जुळवून घ्या.

१. मतं वाचण्याआधी स्वतःबद्दल पाच ओळी लिहा

कशासाठी शिकायचंय, रोज किती वेळ आहे, शिकवणारं कुणी आहे की एकटं, इंग्रजी किती येतं, नेट कसं आहे. माझ्या ओळी अशा होत्या: नागपूरला ग्राहकसेवेची नोकरी मिळाली तर हवी, रोज एक तास, तोही रात्री, शिकवणारं कुणी नाही, इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते, नेट फक्त गच्चीवर.

हा कागद नसेल तर मतं वाचताना आपण वाहवत जातो. "मला हे पुस्तक फार आवडलं" हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणजे कुणालाच पडत नाही.

२. पुस्तकाची जात ओळखा

नवशिक्यांची पुस्तकं ढोबळमानानं चार तऱ्हेची असतात.

पहिली, पहिल्या पानापासून सगळं स्पॅनिशमध्येच असलेली. ही बहुतेक स्पेनमध्ये छापलेली आणि वर्गासाठी केलेली असतात. त्यांचे तुकडे वेगवेगळे विकतात: विद्यार्थ्याचं पुस्तक म्हणजे 'लिब्रो देल आलुम्नो', सराववही म्हणजे ते 'क्वादेर्नो', आणि शिक्षकाचं पुस्तक. हे दोन स्पॅनिश शब्द पाठ करा, तेवढ्यानं माझ्यासारखे पैसे जाणार नाहीत. दुसरी, इंग्रजीतून समजावणारी, एकट्यानं शिकायला केलेली. तिसरी, नुसत्या व्याकरणाच्या सरावाची. चौथी, 'तीस दिवसांत' छापाची, उच्चार देवनागरीत लिहिलेली.

चौथ्या जातीबद्दल एक इशारा. त्यातल्या काहींत इंग्रजी स्पेलिंग बघून उच्चार लिहिलेले असतात. स्पॅनिशमध्ये जे या अक्षराचा उच्चार घशातून घासत येणाऱ्या ख किंवा ह सारखा होतो आणि एचचा होतच नाही. जेच्या जागी 'ज' आणि एचच्या जागी 'ह' छापलेला दिसला तर पुस्तक खाली ठेवा.

मुखपृष्ठावर ए१, ए२ असं काही असतं. ही युरोपातली भाषेची पायरी मोजायची पद्धत, ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या. तुम्हाला ए१ हवं. काही पुस्तकांत ए१ आणि ए२ एकत्र असतात आणि ती जाड असतात. जाड पुस्तक स्वस्त पडतं असं वाटतं, पण बहुतेक लोक ते मध्येच सोडतात. मतांमध्ये 'अर्ध्यावर सोडलं' ही तक्रार कुठल्या पुस्तकाखाली जास्त दिसते ते तुम्हीच बघा.

३. मत देणारा कोण आहे ते शोधा

पाच तारे आणि दोन तारे यांच्याकडे बघायचंच नाही. आधी चाळण लावा.

पार्सलची मतं काढून टाका. "लवकर मिळालं, कागद छान", "कोपरा दुमडलेला आला" ही मतं कुरियरवाल्याची आहेत. मग भेट देणाऱ्यांची मतं काढा. "मुलीला वाढदिवसाला दिलं, ती खूश आहे." ती शिकली का? मग पहिल्या आठवड्याची मतं. पहिले दोन धडे कुठल्याही पुस्तकात गोडच असतात, नमस्कार-चमत्कार आणि एक ते दहा. "सहावा धडा संपवला" किंवा "सगळं करून परीक्षा दिली" असं लिहिणारा दहांत एखादा असतो, आणि त्याचं लांबलचक, अर्धं कुरकुरणारं, तीन ताऱ्यांचं मत सोन्यासारखं असतं.

यातला मोठा सापळा असा की विक्रीच्या साइटवर कधी कधी एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या, पाठ्यपुस्तक आणि सराववही यांची मतं एकाच ठिकाणी गोळा केलेली असतात. माझे साडेचार तारे असेच दुसऱ्याच्या घरचे होते. मतात धड्याचं नाव किंवा पान सांगितलं असेल तर ते तुमच्या प्रतीच्या अनुक्रमणिकेशी जुळवून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मत देणाऱ्याची मायबोली कोणती? "अख्खं पुस्तक तीन आठवड्यांत संपवलं, फारच सोपं" असं इटालियन किंवा पोर्तुगीज माणूस म्हणत असेल तर त्याला निम्मी भाषा आधीच येते. त्या सख्ख्या बहिणी आहेत. मराठी माणसानं हिंदीचं पुस्तक तीन आठवड्यांत संपवलं तर आपण टाळ्या वाजवतो का? आणि "भयंकर अवघड" म्हणणारा फक्त इंग्रजी येणारा असेल, तर त्याला जे अवघड वाटलं ते तुमच्या घरात रोज बोललं जात असेल. पुढचा टप्पा त्यावरच आहे, आणि मला सगळ्यात जास्त तिथंच बोलायचंय.

४. नेहमीच्या तक्रारी, मराठी कानानं वाचा

*"टेबल बाई कशी असेल? लिंगाचा ताप!"* ही तक्रार इंग्रजीवाल्यांची. आपण तो पाट, ती खुर्ची, ते टेबल असं विचार न करता म्हणतो. स्पॅनिशमध्ये तर दोनच लिंगं. फक्त आपलं लिंग तिथं लावू नका. आपला हात पुल्लिंगी, त्यांची 'मानो' स्त्रीलिंगी. टेबलाला ते 'मेसा' म्हणतात. आपलं मेज पोर्तुगीजांच्या 'मेसा'वरून आलं असं काही जण मानतात.

*"आवडण्याचं क्रियापद डोक्यावरून गेलं."* जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या मतांत ही रड आहे. इंग्रजी पुस्तकं त्यावर दोन-दोन पानं खर्च करतात, कारण 'आय लाइक' मध्ये आवडून घेणारा कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे', म्हणजे शब्दाला शब्द मला आवडते कॉफी. वस्तू अनेक झाल्या की क्रियापदही बदलतं: 'मे गुस्तान लास नारान्खास', मला संत्री आवडतात. आपलंच वाक्य आहे हे! आणि 'नारान्खा' हा शब्द तर आपल्याच बाजूनं तिकडे गेला. संस्कृत नारंग, फारसीतून अरबीत, अरबीतून स्पेनमध्ये. आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांमधल्या माणसाला हा शब्द पाठ करायची गरजच नाही. हा धडा मी एका बसण्यात संपवला.

*"चालू वर्तमानकाळ गोंधळाचा, दोन क्रियापदं लागतात."* आता काकाजींचं वाक्य आठवा. पळून राहिली. पुस्तकी मराठीत 'जेवतो आहे', आपल्या वऱ्हाडीत 'जेवून राहिलो'. स्पॅनिश म्हणतं 'एस्तोय कोमिएन्दो'. 'एस्तार' या क्रियापदाचा लॅटिन मूळ अर्थ उभं राहणं, आणि त्याच्यापुढे 'जेवून'सारखं रूप. शाळेत बाईंनी "राहिलो-राहिली काय लावलंय, शुद्ध बोल" म्हणून मला कितीदा टोकलं, आणि तेच रूप परदेशी भाषेत उपयोगी पडलं. मला तर त्या दिवशी हसूच आवरेना.

*"तू आणि आपण असे दोन प्रकार का?"* तू आणि तुम्ही आपल्याला आहेच: 'तू' आणि 'उस्तेद'. पण इथं मराठी माणूस फसतो. 'उस्तेद'बरोबर क्रियापद 'तो-ती'चं लागतं. पुस्तकात हे ठळक सांगितलंय का बघा.

*"सगळं स्पॅनिशमध्येच आहे, अनुवाद नाही."* ही तक्रार खरी, आणि एकट्यानं शिकणाऱ्याला ती दुप्पट लागते. पण इंग्रजी ज्याचं कच्चं आहे त्याला इंग्रजीतून समजावणारं पुस्तक म्हणजे दोन नद्या ओलांडणं. मला पहिल्या वाचनात इंग्रजी व्याकरणाच्या संज्ञाच कळत नव्हत्या. चित्रं भरपूर असतील तर स्पॅनिश-स्पॅनिश पुस्तकाला घाबरू नका.

आणि आता ज्या तक्रारी तुम्हाला कुठेच दिसणार नाहीत, कारण त्या आपल्या आहेत. मराठीत नामाआधी 'द' किंवा 'अ' सारखं काही लागत नाही. स्पॅनिशमध्ये 'एल, ला, उन, उना' प्रत्येक पावलावर. इंग्रज, फ्रेंच, जर्मन सगळ्यांना ही सवय आहे, म्हणून कुणी त्यावर मत देत नाही आणि पुस्तकही अर्ध्या पानात उरकतं. माझे सर्वांत जास्त गुण तिथं गेले. त्यात 'एल आग्वा' सारखे चकवे: पाणी स्त्रीलिंगी, पण जोर असलेल्या 'आ'नं शब्द सुरू होतो म्हणून एकवचनात 'एल'. सरावाची वाक्यं जास्त आहेत असं पुस्तक याच कारणासाठी घ्या.

दुसरं, आपण बी आणि व्ही वेगळे म्हणतो. स्पॅनिशमध्ये दोन्ही एकच. गाय 'वाका' नाही, 'बाका'. तिसरं 'र'. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. इंग्रजीवाले या 'र्र'वर महिने घालवतात. तुम्ही ज्वारीवरची पाखरं 'हुर्र' करून उडवली असतील तर तुमचं काम झालेलंच आहे.

५. कुठली स्पॅनिश, ते विचारा

स्पॅनिश 20 देशांची राजभाषा आहे, आणि पुस्तक त्यातल्या कुठल्या बाजूचं आहे त्यावर अर्धी भांडणं होतात. मतांमध्ये "बोसोत्रोस शिकवलंय, वेळ वाया" किंवा "बोसोत्रोस नाही, अपूर्ण पुस्तक" असं दिसेल. 'बोसोत्रोस' म्हणजे जवळच्या माणसांसाठी अनेकवचनी तुम्ही. हे स्पेनमध्ये बोलतात, लॅटिन अमेरिकेत त्याजागी 'उस्तेदेस'च चालतं. स्पेनच्या बऱ्याच भागात धन्यवाद 'ग्राथिआस', तिकडे 'ग्रासिआस'. संत्र्याचा रस स्पेनमध्ये 'थुमो', मेक्सिकोत 'खुगो'.

नोकरी अमेरिका-मेक्सिकोच्या ग्राहकांशी बोलायची असेल तर लॅटिन अमेरिकेकडचं पुस्तक बरं. नक्की नसेल तर जे चांगलं मिळेल ते घ्या, यावर महिना घालवू नका. इन्स्तितुतो सेर्बान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या 'देले' या स्पॅनिशच्या परीक्षेत दोन्हीकडची स्पॅनिश चालते. या संस्थेचं केंद्र दिल्लीत आहे.

६. नमुन्याची पानं बघून दहा मिनिटांची परीक्षा घ्या

प्रकाशकाच्या साइटवर बहुतेकदा पहिला धडा मोफत बघायला मिळतो. त्यात एवढं शोधा:

उत्तरं मागे छापलीत का? वर्गासाठीच्या पुस्तकांत बऱ्याचदा नसतात, ती वेगळी किंवा शिक्षकाच्या पुस्तकात असतात. एकट्याला उत्तरांशिवाय पुस्तक म्हणजे कुलूप आहे, चावी गुरुजींकडे.

'जोडीदाराला विचारा' असे किती प्रश्न आहेत? मतांत "मजेदार, संवाद भरपूर" असं कौतुक असेल तर सावध. ते वर्गातल्या माणसाचं कौतुक आहे. मी माझ्या धाकट्या भावाला जोडीदार केलं होतं. तो प्रत्येक प्रश्नाला 'सी' एवढंच म्हणायचा.

आणि पुस्तकात पैसे कशात मोजलेत? 'पेसेता' दिसलं तर पुस्तक २००२ आधीचं, कारण त्या वर्षी स्पेनमध्ये युरोच्या नोटा आल्या. मुळाक्षरं २९ दाखवली असतील तर ते २०१० च्या नियमांआधीचं; आता २७ धरतात. जुनं पुस्तक टाकाऊ नसतं, पण त्याची कॅसेट तुम्ही कशावर वाजवणार?

७. ऑडिओची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका

शहरातल्या माणसांच्या मतांत ऑडिओबद्दल एक ओळ असते: "ऑनलाइन आहे, सोयीचं." आपल्याकडे लोडशेडिंग आणि गच्चीवरची रेंज. ऑडिओ उतरवून घेता येतो की फक्त चालू नेटवर ऐकता येतो, हे मतांमध्ये शोधा, तिथं नसेल तर विक्रेत्याला विचारा. काही पुस्तकांत आतल्या पानावर कोड असतो आणि तो एकदाच चालतो. सेकंडहँड घेताना तो खरडलेला असेल तर ऑडिओ गेला समजा.

तालुक्याला गेलात की चांगल्या रेंजमध्ये सगळ्या फाइल एकदम उतरवा. धडेवार नावं द्या. "बोलणं फार वेगात आहे" ही तक्रार सगळ्याच पुस्तकांना असते. वेग पाऊण करा आणि एकच मिनिट दहादा ऐका.

फुकटच्या पीडीएफचं काय? ग्रुपवर फिरतात. मधली पानं गायब, ऑडिओ नाही आणि ते बेकायदाही आहे. मी एक उघडून बघितली, चौथा धडा उलटा स्कॅन केला होता.

८. ऑर्डर देताना

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, प्रकाशकाच्या पानावरून वहीत उतरवा आणि विक्रीच्या पानाशी अंक न् अंक ताडून बघा. पाठ्यपुस्तक आणि सराववही यांचे क्रमांक वेगळे असतात. परत करण्याची मुदत बघा. पार्सल तालुक्याला चार दिवस पडून राहिलं तर ती मुदत तिथंच संपते, माझी तशीच संपली. पावसाळ्यात नाल्याला पूर असताना मागवू नका. उघडताना व्हिडिओ काढा.

९. पंधरा दिवसांनी स्वतःचं मत लिहा, आणि संपल्यावर पुन्हा

पहिल्या मतात राग असतो, दुसऱ्यात माहिती. मी पुस्तक संपवल्यावर इंग्रजीत लिहिलं, त्याचा मराठी मजकूर असा:

"तीन तारे. मायबोली मराठी, शिक्षक नाही, रोज एक तास, आठ महिने लागले. उत्तरं मागे आहेत. ऑडिओ उतरवता येतो. आवडण्याचा धडा मराठी माणसाला सोपा जाईल, तो भराभर करा. एल-ला चा सराव फार कमी आहे, वेगळी वही घालावी लागते. सातव्या धड्यात एकदम चाळीस क्रियापदं येतात, तिथं मी तीन आठवडे थांबले होते, तुम्हीही थांबा. जोडीदाराचे प्रश्न मी आरशासमोर केले. कागद चांगला आहे, पण ते तुम्ही विचारलं नव्हतं."